डोळे मिटलेल्या वर्गाचा फोटो

फोटो दुपारी आला. फुलंब्रीकडच्या आमच्या वार्ताहराने पाठवला होता. खाली त्याने लिहिलं होतं, "गावाच्या ग्रुपवर फिरतोय. घ्यायचा का? शाळा कोणती ते विचारून सांगतो." विचारण्याची गरज नव्हती. फोटोतल्या खुर्चीत माझी बायको होती.

फोटो खिडकीच्या गजांमधून काढलेला होता. बाकांवर मुलांनी हातांची घडी घालून त्यावर डोकी टेकवलेली. फळ्यावर अर्धा सोडवलेला भागाकार. शिक्षिका खुर्चीत, पाठ ताठ, डोळे मिटलेले. फोटोवर कुणीतरी लाल अक्षरांत ओळ टाकली होती: "पगार सरकारचा, झोप दुपारची."

मी संपादकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की फोटो माझ्या घरच्या माणसाचा आहे, तेव्हा या निर्णयात मी नको. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, "झोपल्या होत्या का?"

"नाही."

"मग काय करत होत्या?"

मला ते थोडक्यात सांगता येईना. दोन वाक्यांनंतर माझं बोलणं मलाच सारवासारव वाटू लागलं. संपादक म्हणाले, "शनिवारी गावात सभा आहे म्हणतात. तिथं काय होतं ते बघू. तोवर थांबवतो." मी जागेवर येऊन बसलो.

थोडक्यात न सांगता येणारी ती गोष्ट अशी. शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी एकाच खोलीत तिच्याकडे. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला लेखन देऊन ठेवायचं, मग उलट. सकाळी हे जमतं. दुपारी खिचडी खाऊन मुलं परत आली की जमत नाही. डोळे फळ्यावर असतात, पण त्यांत फळा नसतो. कुणी पेन्सिलीचं टोक चावतं, कुणी शेजाऱ्याच्या दप्तराची चेन उघडतं आणि लावतं. एकदा तिने वजाबाकीचं उदाहरण फळ्यावर मुद्दाम चुकीचं सोडवलं. सगळ्या वर्गाने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांना मध्येमध्ये उठवा, हातपाय हलवू द्या, मग पुन्हा बसवा. तिने ते सुरू केलं. उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, डाव्या हाताने उजवा गुडघा आणि उजव्याने डावा, मग खाली बसायचं. सकाळी त्याचा उपयोग झाला. दुपारी उलटं झालं. मुलं उड्या मारून जी चेकाळायची ती आवरता आवरत नसत, आणि पलीकडच्या खोलीतून पहिलीची मुलं दारात येऊन उभी राहायची.

म्हणून दुपारसाठी तिने दुसरं काही शोधलं. बाकावर डोकं टेकायचं, डोळे मिटायचे आणि बाहेरचे आवाज गोळा करायचे. हापशाचा दांडा, गिरणीचा पट्टा, लांबच्या रस्त्यावरची गाडी, कुणाच्या घरातली कुकरची शिट्टी. कोणते आवाज मिळाले ते लगेच सांगायचं नाही, मनात ठेवायचं. गणित सोडवून झालं की सांगायचं. मुलांनी याला नाव दिलं "डोळेमिट". सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम.

पहिल्याच दिवशी अडचण आली. मुलं बोटांच्या फटीतून तिच्याकडे बघत होती. तिने विचारलं, "का बघता?" एक जण म्हणाला, "तुमी बघता म्हणून." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः डोळे मिटले. त्या दिवशी वर्ग गप्प झाला, आणि नंतर भागाकाराला बसलेली मुलं शेवटपर्यंत भागाकारच करत राहिली. तेव्हापासून ती रोज डोळे मिटत होती.

यात तिचं एक चुकलं. या गावात शाळा कानांनी तपासतात, हे तिने हिशेबात धरलं नाही. गावात बसायच्या दोन जागा, मारुतीचा पार आणि बुद्धविहाराचा कट्टा. दोन्हीकडच्या माणसांच्या लेखी, शाळेतून पाढ्यांचा गजर ऐकू आला की शाळा चालू आहे. आवाज बंद झाला की गुरुजी मोबाइलवर आहेत. पहिली-दुसरीची मुलं त्या वेळी चित्रं रंगवत असतात, म्हणजे तिने रोज दुपारी ठरावीक वेळी सगळी शाळा गावाच्या कानाआड केली होती आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं.

फोटो काढणारा शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होता. त्याची अद्रक आणि मक्याची शेती शाळेला लागून. त्याची मुलगी चौथीत, म्हणजे माझ्या बायकोच्याच वर्गात.

त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"मॅडम, दोन ओळी लिहून द्या. बीपी लो झालं, चक्कर आली. मी पुढं पाठवतो. विषय संपला."

"आणि पोरांचं पण बीपी लो झालं होतं का, सर?"

"चेष्टा नका करू. अध्यक्ष तक्रार घेऊन वर गेला तर चौकशी लागेल. मला रिटायरमेंटला वर्ष राहिलंय."

फोन ठेवल्यावर मीही तिला तेच म्हणालो. लिहून दे. आजारपणावर कुणी बातमी करत नाही.

"लिहून दिलं तर मी झोपले होते हे मीच मान्य केलं," ती म्हणाली. "मग सोमवारी डोळे कशी मिटू?"

"नको मिटू. दुसरं काही कर."

"दुसरं करून बघितलंय. तुम्हाला माहितीये."

तिचा मोबाइल ओट्यावर होता, ग्रुपवर काही आलं की थरथरायचा. कुणीतरी अंगठा पाठवला. कुणीतरी घोरणाऱ्या माणसाचं चित्र पाठवलं. एका पालकाने लिहिलं, "अप-डाऊनवाल्यांचं असंच." ती रोज हर्सूलच्या नाक्यावरून एसटीने जाते. गावात राहत नाही, हा तिच्याविरुद्धचा जुना मुद्दा आहे आणि तो खरा आहे.

शनिवारी मी तिला मोटारसायकलवरून सोडलं. सभेला बसायचा मला अधिकार नव्हता. मी व्हरांड्यात उभा राहिलो. दार उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. पालक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. खुर्चीत केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. शेजारी अध्यक्ष उभा, खिशात मोबाइल.

"मी मक्याच्या मशीनवर होतो," तो म्हणाला. "मशीन बंद केली तर शाळेतून आवाज नाय. पाढे नाय, कविता नाय. मला वाटलं सुट्टी झाली. खिडकीतून बघतो तर सगळी शाळा आडवी. आता मी काय आंधळा हाय का?"

मागून एक तरुण म्हणाला, "मॅडमची पण लई दगदग व्हती. सकाळची यष्टी, संध्याकाळची यष्टी. डोळा लागणारच."

काही जण हसले. तिसरीतल्या एका मुलाची आई म्हणाली, "माझं पोरगं घरी जेवताना सुदिक बसत नाय. ते यांनी गप बसवलं कसं, ते तर विचारा आधी."

"वहिनी, ही चेष्टेची गोष्ट नाय," अध्यक्ष म्हणाला.

"मी कुठं चेष्टा केली? मला पायजे ते."

केंद्रप्रमुखांनी माझ्या बायकोला बोलायला सांगितलं. तिने डोळेमिट म्हणजे काय ते सांगितलं. सुरुवात नीट झाली. मग ती म्हणाली, "दुपारी तुम्हीसुद्धा औत सोडता, बैलांना सावलीत बांधता, मगच पुन्हा जुंपता."

खोलीतलं वातावरण बदललं. अध्यक्ष एक पाऊल पुढे आला. "आमची पोरं बैल हायेत व्हय?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणाल्या. सगळ्यांनी ऐकलं. शहरातल्या शाळेत म्हणून दाखवा हे. तिथं जमतं का?"

आता कुणी हसत नव्हतं. मुख्याध्यापक जमिनीकडे बघत होते. केंद्रप्रमुखांनी विचारलं, "मॅडम, हे कोणत्या परिपत्रकात आहे?"

"सकाळचं प्रशिक्षणात सांगितलेलं आहे. दुपारचं माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"कुठंच लिहिलेलं नाही."

"मग बंद करा ना. एवढ्यासाठी वाद कशाला?"

हे सगळ्यांना पटलेलं दिसलं. बाकांवरची दोन-तीन माणसं उठायच्या तयारीत सरकलीसुद्धा. मला ती पाठमोरी दिसत होती. तिने मानेवर हात ठेवला आणि काढला. लेखी काही मागितलं नव्हतं, फोटोबद्दल कुणी पुढे बोलत नव्हतं. ती "बरं" म्हणाली असती तर आम्ही तासाभरात घरी असतो.

"बंद नाही करणार," ती म्हणाली. "माझ्याविरुद्ध काय लिहायचं ते लिहा."

अध्यक्षाने केंद्रप्रमुखांकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याचा आवाज खाली आला. "बंद करा असं मी म्हणतच नाय. पोरांनी मिटावं डोळं. तुमी उघडं ठेवा. तुमाला सरकारनं बघायला ठेवलंय."

"मी उघडे ठेवले की ही मिटत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते." हा आवाज खिडकीतून आला. मुलं गजांना धरून बाहेर उभी होती, त्यांत त्याची मुलगी. "पप्पा, मॅडम बघत असल्या की आमी पण बघतो. मग आवाज सापडत नाय."

"तू घरी जा."

ती हलली नाही. एवढ्या लोकांत मुलगी हलली नाही हे सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यालाही कळलं की सगळ्यांनी पाहिलं. काही क्षण काय होईल ते सांगता येत नव्हतं. मी दाराच्या चौकटीपर्यंत आलो होतो.

मघाचीच आई म्हणाली, "अध्यक्ष, एक माणूस डोळं उघडं ठेवून बसायला पायजे ना? मग तुमीच बसा. तुमचं शेत बी जवळ हाय."

हशा झाला. तो हसला नाही. पण केंद्रप्रमुखांनी ते लगेच उचललं. दुपारी समितीच्या एका सदस्याने वर्गात बसावं, डोळे उघडे ठेवून. महिनाभर बघावं. तक्रार तोवर थांबवावी. सोमवारी सुरुवात अध्यक्षांनी करावी. मुख्याध्यापक लगेच लिहू लागले, कुणी मत बदलायच्या आत.

परतीच्या रस्त्यावर ती एकच वाक्य बोलली. "बैलांचं बोलायला नको होतं."

सोमवारी मी कार्यालयात होतो. खिचडीची वेळ टळली, त्यानंतरचा तास टळला. वार्ताहराचा निरोप आला, "सभेचं काय झालं? फोटो चालवायचा का?" मी तो संपादकांना दाखवला. ते म्हणाले, "आज काही आलं तर बघू." शाळा सुटल्यावर तिचा फोन आला. मागे एसटीची वाट बघणाऱ्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

मी विचारलं, "आला होता?"

"आला. दाराजवळ खुर्ची ठेवली होती. पाणी दिलं, घेतलं नाही."

"मुलांनी मिटले?"

"आधी नाही. सगळी त्याच्याकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, काका, तुमी पण मिटा. तो म्हणाला, मला मिटायची परवानगी नाय. मग एकेकाने डोकं टेकलं. त्याच्या मुलीने सगळ्यात शेवटी."

"आणि तू?"

"मी उभी होते. खुर्चीत बसायला धीर होईना. म्हटलं, उभ्यानेच करावं, निदान झोपले असं कुणी म्हणणार नाही. पण मुलांना रोजची सवय आहे, खुर्ची सरकल्याचा आवाज आला की त्यांना कळतं मॅडम बसल्या. म्हणून बसले."

"मिटले?"

"मिटले."

"त्याने फोन काढला का?"

"मला कसं दिसणार?" ती म्हणाली.

एसटी आली म्हणून तिने फोन ठेवला. मी ग्रुप बघणाऱ्या वार्ताहराला विचारलं. संध्याकाळी अंकाची पानं लावायला घेईपर्यंत तो दर थोड्या वेळाने कळवत राहिला की अजून काही आलेलं नाही.