वाक्यात उपयोग करा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला आम्ही सगळे 'गुणिले' म्हणायचो. त्याच्या तोंडून कुठलीही गोष्ट निघाली की दहापट होऊनच निघायची. जिन्यात उंदीर दिसला तर आमच्यापर्यंत पोचेतो त्याची घूस झालेली असे. थापाड्या म्हणावं तर तसा नव्हता. मुळात काहीतरी घडलेलं असायचंच, हा फक्त तिखटमीठ लावायचा. बायको निम्मं सोडून देऊन ऐकायची.

एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून त्याने एका आजींना बाहेर काढलं. झालं होतं एवढंच. पण रात्री जेवायला बसेपर्यंत लिफ्टची तार तुटली होती आणि ती या पठ्ठ्याने हातांनी धरून ठेवली होती. चौथीतल्या लेकीने ती तार जशीच्या तशी वर्गात नेली. तिथे तिची टर उडाली, हे घरी ती बोलली नाही.

पुढे शाळेने पालकांना तास बघायला बोलावलं. गुणिले मागच्या चिमुकल्या बाकावर अंग चोरून बसला. बाई वाक्प्रचार घेत होत्या. एकाने राईचा पर्वत केला, एकीने पराचा कावळा. लेकीच्या वाट्याला 'बढाया मारणे' आलं आणि अख्खा वर्ग वळून मागे बघायला लागला. कुणीतरी हळूच "तार, तार" म्हणालं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

लेक उभी राहिली. "बढाया मारणे म्हणजे स्वतःबद्दल फुगवून सांगणे," ती म्हणाली. "माझे बाबा कधीच बढाया मारत नाहीत."

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी वाक्य बरोबर आहे म्हणून सांगितलं. गुणिलेला मान वर करवेना.

रस्त्यात तो म्हणाला, "तार तुटली नव्हती गं."

"माहितीये मला."

"मग तसं का सांगितलंस?"

"सगळे तुमच्याकडे बघत होते ना."

आपली अब्रू राखायला पोरीला भर वर्गात खोटं बोलावं लागलं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात शिरताच त्याने बायकोला एक शब्दही न वाढवता सांगून टाकलं, "माझ्यामुळे हिला वर्गात सगळे हसतात. आज ती माझ्यासाठी खोटं बोलली."

बायकोने घाबरून लेकीकडे पाहिलं. ती खाली बसून बुटांचे बंद सोडत होती.

"तसं काही नाही गं आई," ती म्हणाली. "बाबा वाढवून सांगतात."

बायकोला ते लगेच पटलं.