मुकं पुस्तक परत घेणार नाही

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या समुद्रकाठच्या नवापूरला म्हणतात, तामोऱ्यांच्या घरात राग आणि सुकट दोन्ही वर्षभर पुरतात. शाळेत पोरं मला नीलेश सर म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्याला, जिथे टेकड्या सुरू होतात, तिथे आमची शाळा आहे. निम्मी पोरं पाड्यांवरची, निम्मी कारखान्यांत कामाला आलेल्या घरांची. मी तिथे सतरा वर्षं मराठी शिकवतो, आणि ग्रंथालयाचा प्रभारीही मीच. प्रभारी म्हणजे काय, तर दोन लोखंडी कपाटांची चावी माझ्या खिशात. पुस्तकं फाटली तर जबाबदार मी, म्हणून मी ती कुणाला देतच नव्हतो. अकरा वर्षं. यादीत चारशे बारा पुस्तकं, कपाटात चारशे बारा पुस्तकं, आणि याला आम्ही ग्रंथालय म्हणत होतो. हसू नका, निम्म्या शाळांत हेच चालतं.

ती चावी माझ्या हातून गेली ती सोजराबाईंकडे.

सोजराबाई आमच्या शाळेतल्या शिपाई. मूळच्या पाथर्डीकडच्या. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागला, त्याच्यामागोमाग या आल्या. तो काविळीने गेला तेव्हा या तेहतीस वर्षांच्या. दीर न्यायला आले होते. या म्हणाल्या, गावाला जाऊन दुसऱ्याच्या चुलीपुढं बसन्यापरीस हितं झाडू मारीन. शिक्षण चौथी. अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत वाचतात, एक पान संपेपर्यंत चहा निवतो. एकदा कपाटांना वाळवी लागली. पुस्तकं उन्हात घालायला मी त्यांना चावी दिली आणि परत मागायचा कंटाळा केला.

मधल्या सुट्टीत व्हरांडाभर पुस्तकं पसरलेली आणि पोरं त्यांच्याभोवती गोळा झालेली. सातवीतल्या एका पोरीने एक उचललं आणि तिथेच उकिडवी बसून वाचायला लागली. घंटा झाली तरी उठेना. सोजराबाई तिला म्हणाल्या, "ने घरी. पर मला वाचाया लई येळ लागतो. झालं की त्यात काय हाय ते मला सांग."

ती पोरगी म्हणजे तानी. चार दिवसांनी तिने पुस्तक आणलं आणि व्हरांड्यात उभं राहून अर्धी सुट्टी सांगत राहिली. ऐकायला आठ-दहा पोरं जमली. शेवट काय झाला ते मात्र सांगेना. "वाचा ना तुमी," म्हणाली. त्या पुस्तकासाठी दोघांची मारामारी झाली. मारामारी सोडवायला मीच गेलो होतो म्हणून मला पक्कं आठवतं. माझ्या नोकरीत पुस्तकावरून झालेली ती पहिली.

तिथून तो रिवाजच पडला. पुस्तक परत करायचं तर मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगायचं, पण निम्म्यापर्यंतच. जो शेवट फोडेल त्याला पोरंच खाली बसवणार. कुणी गुपचूप पुस्तक टेबलावर ठेवून सटकायला लागला की सोजराबाई झाडू आडवा धरायच्या. "मुकं पुस्तक म्या परत घेनार न्हाई." बोईसरच्या चाळीतली पोरं निम्मं हिंदीत सांगायची, पाड्यावरची त्यांच्या बोलीत. माझ्या तासाला दोन वर्षं तोंड न उघडलेला एक पोरगा बिबट्याच्या पुस्तकावर वीस मिनिटं बोलला. मी स्टाफरूमच्या खिडकीतून ऐकत होतो. खरं सांगू, मला आनंद नाही झाला, माझा जळफळाट झाला. जांभया माझ्या वाट्याला आणि उभं राहून ऐकणं शिपाईबाईंच्या वाट्याला.

रजिस्टर त्यांनी कधी ठेवलं नाही. मी ओरडलो तर म्हणाल्या, "कोनी काय सांगितलं ते माझ्या ध्यानात हाय. लिवून कशाला ठिवायचं?" दिवाळीनंतर जी घरं वीटभट्टीवर जातात, त्यांच्या पोरांनासुद्धा त्या एकेक पुस्तक द्यायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मी कपाळाला हात लावायचो. पालथ्या घड्यावर पाणी.

तानी दहावीत आली. वर्गात पहिली. तिच्या पाड्यावरची एकही मुलगी आजवर दहावी पास झालेली नव्हती, ही होणार याची मला खात्री होती. पण त्या वर्षी तिच्या आईला नुकतंच बाळ झालं होतं, त्यामुळे भट्टीवर आईच्या जागी हिला उभं राहावं लागणार होतं. मी तिच्या बापाशी, चिंधूशी, भांडलो. तो शांत माणूस. म्हणाला, "परीक्षेला आनतो सर. तोंड देतो तुमाला." म्हणजे शब्द देतो. जाताना सोजराबाईंनी तिला कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक दिलं, एकटीने जहाज हाकणाऱ्या पोरीची कादंबरी. "आल्यावर सांगायचं, बरं का." तानी पुस्तक छातीशी धरून टेम्पोत चढली.

जानेवारीत संस्थेची तपासणी लागली. यादी आणि कपाट जुळेना. एकोणीस पुस्तकं बाहेर, आणि कुणाकडे काय याची नोंद फक्त सोजराबाईंच्या डोक्यात. माझं डोकं फिरलं. प्रार्थनेच्या वेळी मी माईक हातात घेतला आणि सांगितलं, ज्याचं पुस्तक जमा होणार नाही त्याला हॉलतिकीट मिळणार नाही. पोरं गालातल्या गालात हसली. आम्ही मास्तर लोक वर्षाला पन्नास वेळा असं बोलतो. केस कापले नाहीत तर हॉलतिकीट नाही, वही पूर्ण नाही तर हॉलतिकीट नाही. आजवर एकाचंही अडलेलं नाही आणि बोईसरच्या पोरांना ते चांगलं ठाऊक आहे.

भट्टीवरच्या पोरांना माझा माईक कुठे ऐकू येणार. म्हणून सोजराबाईंकडून त्यांची नावं काढून घेतली आणि शाळेच्या कागदावर चिठ्ठ्या लिहिल्या. खाली सही, सहीवर शिक्का. विश्राम म्हणून मुकादम आहे, तो मजूर नेतो-आणतो, त्याच्या हातात दिल्या. तपासणीवाले आले, चहा प्याले, कपाटाकडे न बघता निघून गेले. चिठ्ठ्या मी विसरून गेलो.

सोजराबाई विसरल्या नव्हत्या. हॉलतिकिटं आली त्या दिवशी विचारलं, "सर, तानी आली न्हाई?" येईल म्हटलं. चार दिवसांनी परत विचारलं. मी पेपर तपासत होतो, खेकसलो, "तिच्या बापाने शब्द दिलाय ना? तुम्ही तुमचं झाडू-पोछ्याचं बघा." त्या झाडू उचलून गेल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात ते माझ्याकडे बघूनच म्हणत असतील.

पहिला पेपर मराठीचा. केंद्र बोईसरला. सकाळी सोजराबाई स्टीलच्या डब्यात दही-साखर घेऊन फाटकाशी उभ्या. आमच्या प्रत्येक पोराच्या तळहातावर चमचाभर. तानीचं हॉलतिकीट मी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, ज्या खिशात अकरा वर्षं चावी होती. परस्पर येईल असं मला वाटत होतं. अकरा वाजले, फाटक लागलं. डब्यात एकीच्या वाटणीचं दही राहिलं.

"चला," सोजराबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. मी मोटारसायकल काढली.

भट्टी वाड्याच्या पुढे, नदीच्या अंगाला. विचारत विचारत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि तिकडे बोईसरला पेपर संपला होता. तानी उन्हात बसून साच्यात माती दाबत होती. आम्हाला बघून उठली, हात फ्रॉकला पुसले आणि आधी झोपडीत पळाली. बाहेर आली ती प्लास्टिकची पिशवी घेऊन.

पिशवीत पुस्तकाचे तीन तुकडे होते, प्रत्येक सुतळीने नीट बांधलेला.

"शिवन उसवली मावशी," ती सोजराबाईंना म्हणाली. "इथं चार पोरी वाचनाऱ्या. मंग मी चार भाग केलं, एकेकीला एकेक. संध्याकाली बदलायचो. पन चौथा भाग घेऊन नवसी गेली. तिच्या घरच्यांनी भट्टी बदलली. कुठं गेली ते म्हाईत नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुरं पुस्तक नाय, म्हनून नाय आली."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, अगं पण परीक्षा. तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझीच चिठ्ठी. महिनाभर मातीत राहूनही स्वच्छ ठेवलेली. "पुस्तक जमा न केल्यास हॉलतिकीट मिळणार नाही."

"असं नुसतं लिहितात गं," मी म्हटलं. "खरं कशाला मानायचं?"

"सही हाय ना सर तुमची," तानी म्हणाली.

मागे चिंधू येऊन उभा होता. त्याला वाचता येत नाही. लेकीने चिठ्ठी वाचून दाखवली होती. म्हणाला, "शालेनंच लिवून धाडलं, मंग मी काय आनू तिला?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. लिहिलेल्या शब्दावर भरवसा ठेवायला या पोरीला दहा वर्षं आम्हीच शिकवलं, आणि ती ते खरोखर शिकली होती. मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोजराबाईंनी डबा उघडला आणि उरलेलं दही तिच्या मातकट तळहातावर घातलं. "परवा दुसरा पेपर हाय. कापडं घे," एवढंच म्हणाल्या. मी एकटा परतलो, त्या तिला घेऊन एसटीने आल्या. पुढचे सगळे पेपर तानीने सोजराबाईंच्या बोईसरच्या खोलीवर राहून दिले. त्या पहाटे उठून डबा करायच्या आणि तिच्यासमोर बसून राहायच्या, कारण अभ्यास घेणं त्यांना जमणारं नव्हतं. माझ्याशी त्या कामापुरतं बोलायच्या. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "माझी कशाला मागता?"

मे महिन्यात निकाल लागला. गणित एकोणऐंशी, विज्ञान चौऱ्याऐंशी. मराठीपुढे गैरहजर. आमच्या शाळेत जिने सगळ्यात जास्त मराठी वाचलं ती मराठीतच राहिली, आणि तो विषय माझा. फेरपरीक्षा ऐन आवणीत, भाताची रोपं लावायच्या घाईत येते. चिंधू तेव्हा तिला सोडेल की नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक नव्हतं.

मार्कलिस्ट न्यायला तानी आली तेव्हा पिशवी घेऊनच आली. सात-आठ पोरं होती. तीन तुकडे तिने टेबलावर ठेवले. सोजराबाईंनी झाडू आडवा धरला. तानीने सांगितलं. आवाज बारीक होता, पण वादळापर्यंत सांगितलं. मग म्हणाली, "पुढचा भाग माझ्याकडं यायच्या आधीच गेला, मी नाय वाचला." पहिल्यांदाच कुणी शेवट लपवत नव्हतं, तिला तो खरंच ठाऊक नव्हता.

"आता सर सांगतील," सोजराबाई म्हणाल्या.

"मी? मी कुठे वाचलंय ते?"

"तुमी काय केलं ते सांगा. पोरांना कळू द्या. नुसतं मुक्यानं कसं परत घेऊ?"

रागाने माझे कान तापले. मग मी उभा राहिलो आणि आत्ता जे तुम्हाला सांगितलं ते सगळं पोरांना सांगितलं, माईकपासून दह्यापर्यंत. निम्म्यावर थांबायची सोय नव्हती. कुणी हसलं नाही.

सोजराबाईंनी कपाटातून एक नवं पुस्तक काढलं आणि तानीपुढे धरलं. तानीने हात मागे घेतले. "नको मावशी. हरवलं तर?"

सातवीपासून या पोरीने पुस्तकाला कधी नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी पुढे झालो. "हरवू दे," म्हटलं. "फाटू दे, भिजू दे. तुझं काहीही अडणार नाही. मी सांगतो ना."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. त्या भट्टीनंतर पहिल्यांदाच.

"तसं लिवून द्या, सर."

मी शाळेचा कागद घेतला. पुस्तक हरवले, फाटले किंवा परत आले नाही तरी तानीचे कोणतेही हॉलतिकीट कधीही अडवले जाणार नाही, असं लिहिलं. खाली सही केली. तिने शिक्क्याकडे बोट दाखवलं, तोही मारला. तिने उभ्या उभ्या दोनदा वाचलं, सोजराबाईंसारखं ओळीखाली बोट धरून. मग पुस्तक घेतलं. कागद मात्र पुस्तकात ठेवला नाही. बारीक घडी करून ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला, पुस्तक हरवलं तरी कागद हरवायला नको म्हणून.