आप्पा ऑफिसात आले तेव्हा
सांगलीतल्या एका दूध डेअरीत मी सुपरवायझर आहे. गावोगावच्या केंद्रांवरून येणारं दूध वेळेत डेअरीत पोचवणं हे माझं काम. ते नासलं की साहेब शिव्यांची लाखोली वाहतात, ती ऐकून घेणं हेही माझंच काम.

पहिला महिनाभर कान तापायचे, घास उतरायचा नाही. मग काही वाटायचंच बंद झालं. साहेब सुरू झाले की मी त्यांच्या मागच्या कॅलेंडरवरच्या तिथी वाचत उभा राहायचो. पुढे पुढे तर संकष्टी कधी आहे, हे ऑफिसातल्या बायका मलाच विचारायला लागल्या. कोडगेपणाचा एवढाच फायदा.

घरी यातलं काही कळू दिलं नव्हतं. आमचे आप्पा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावात त्यांच्यापुढे सरपंचसुद्धा आवाज चढवत नाही. "साहेब कसं हायती?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचो, "लय चांगले." आप्पांना कळू नये, एवढीच काय ती धडपड माझ्यात उरली होती.

त्या दिवशी ते मिलिटरी कँटीनच्या सामानासाठी सांगलीला आले आणि मी विसरलेला डबा द्यायला ऑफिसात आले. शिपायानं त्यांना केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं. मला पत्ता नव्हता. एक टँकर वाटेत बंद पडून दूध फाटलं होतं आणि मी आत उभा होतो.

"डोक्यात शेण भरलंय का रे? बापानं काही शिकवलं, का नुसतंच जन्माला घालून सोडलं?"

मी अष्टमीपर्यंत पोचलो होतो. दार उघडलं. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कँटीनची पिशवी घेऊन आप्पा आत आले.

"कोण तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"ह्याचा बाप."

साहेब अर्धवट उठले. "या ना काका, बसा."

आप्पांनी दोन्ही वस्तू फरशीवर ठेवल्या. आता ते साहेबांच्या कॉलरला हात घालणार, असं मला वाटलं. भीती वाटली नाही, बरंही वाटलं नाही. आप्पांनी हात जोडले.

"शिकवायला कमी पडलो असंन साहेब. सांभाळून घ्या त्याला."

साहेब फाईल चाळायला लागले.

मी आप्पांना सोडायला स्टँडवर गेलो. रस्ताभर आतून काही हलेना, आणि त्याचीच लाज वाटत होती. शेवटी विचारलं, "आवं आप्पा, तुमी कशाला हात जोडलं?"

"नोकरी सोडणार हायस का?"

"न्हाई."

"मग?"

गाडी लागली होती. आप्पा खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तू जा आता बिगीबिगी. उशीर झाला तर परत बोलत्याल."