गप्पबसा मिस्त्रींची तापणारी गाडी

गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याला सगळे गप्पबसा मिस्त्री म्हणत. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगू लागलं, की मिस्त्री बोट वर करत. ‘गप्प बसा. तुम्ही सांगितलंत की माझं डोकं तिकडेच धावतं.’ मग बॉनेटमध्ये कान घालत. बहुतेकदा दुखणं सापडेही, म्हणून लोक हा तोरा खपवून घेत.

घरची जुनी गाडी मात्र दाद देईना. मिस्त्रींच्या बायकोला डोंगरावर राहणाऱ्या धाकट्या बहिणीचं नवं घर बघायचं होतं. दोनदा निघाले, दोनदा बॉनेटमधून वाफा निघाल्या आणि अर्ध्या वाटेतून परतले.

‘या रविवारी पोचलो नाही, तर ही भंगारात,’ तिनं बजावलं. गाडीवर त्यांचा भारी जीव.

त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुऊन काढला, पाण्याचा पाइप नवा घातला. मोकळ्या रस्त्यावर भरधाव चक्कर मारली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मिस्त्री शीळ घालत घरी आले.

रविवारी पुलाशी गाड्यांची रांग लागली आणि काटा लाल रेघेकडे सरकू लागला.

‘अहो, मी काय म्हणते...’

‘गप्प बस गं, ऐकू दे.’

‘ऐका की. काय ऐकू येतंय?’

मिस्त्रींनी कान टवकारले. ‘नेहमीचंच. इंजीन.’

‘आणि पंखा? पूर्वी गाडी थांबली की पुढे घरघर व्हायची. कधीपासून सांगायचं म्हणतेय. ही तापते ती रांगेत. पळताना वारा लागतो तिला, आणि तुम्ही तपासता ती पळवून.’

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. पंखा ढिम्म. त्याच्या वायरीचा जोड गंजून सुटला होता. खिशातल्या चाकूनं त्यांनी तो खरवडला, घट्ट बसवला. गाडी पुन्हा चालू केली, तसा पंखा घरघरू लागला. काटा हळूहळू खाली आला.

‘बघितलंस, पटकन सापडलं,’ मिस्त्री म्हणाले.

‘हो ना. कुणी सांगायचीसुद्धा गरज पडली नाही.’

चढावर एक ट्रक पुढे रांगत होता. त्याच्यामागून मुंगीच्या पावलांनी जातानाही काटा मध्येच राहिला. बहीण फाटकात उभी होती. गाडी थांबताच बायकोनं हात पुढे केला.

‘किल्ली द्या. परतताना मी चालवणार.’

मिस्त्रींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं किल्ली काढून दिली.