भिंगरीची बॅग

सगळे त्याला भिंगरी म्हणत. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं नव्हतं; पायाला भिंगरी लावलेल्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? काम लिफ्ट दुरुस्तीचं. या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममधून त्या इमारतीच्या तळाच्या खड्ड्यात, असं उभं आयुष्य वरखाली करण्यात गेलं. घरात वरखाली करायची सोय नाही, म्हणून घरी तो आडवा चाले. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. हातही स्वस्थ नसत. बटण दिसलं की दाबणार, कडी दिसली की हलवून बघणार. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तर त्यांच्या दाराची बिजागरी सैल झाल्याचं चहा यायच्या आत सांगून मोकळा होई. "अहो, बूड टेका जरा," हे बायकोचं वाक्य इतकं जुनं झालं होतं की ते म्हणताना ती शिलाई मशीनवरून मानही वर करत नसे.

गेले काही आठवडे मात्र त्याने कहर केला होता. कारण काय, तर एक बॅग.

मुलगी परदेशात नोकरीला. तिकडे डोंगर, जंगल, आणि त्यातून सायकली दामटणारी माणसं. हा नाद तिला इथेच लागला होता. तिची जाड टायरांची सायकल अजून घराच्या बोळकांडीत जुनी चादर पांघरून उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोपराला तिचं रुंद हँडल लागत होतं. तिकडे गेल्यावर मुलगी एका मैत्रिणीची सायकल घेऊन डोंगरात गेली. ओल्या मुळांवरून मागचं चाक सटकलं आणि ती खाली आली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. तेव्हा व्हिसा वेळेवर मिळाला नाही. मैत्रिणींनी तिचं सगळं केलं, आणि हा इथे फोन कानाला लावून घर तुडवत राहिला. चाक सटकलं असं ती शंभरदा सांगून थकली, पण याच्या डोक्यात एकच, ब्रेक लागला नसणार. त्याच्या धंद्यात काहीही खाली आलं की आधी ब्रेककडेच बोट जातं.

आता ती चालायला लागली होती आणि हे दोघं तिच्याकडे राहायला निघाले होते. तिकिटं झाली त्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "बाबा, येताना माझी सायकल आण."

तो "बरं" म्हणाला. लेकीला नाही म्हणायची त्याची कधी छातीच झाली नव्हती. पण त्या "बरं"नंतर त्याच्या जिवाला चैन पडेना.

सायकलच्या दुकानातली बाई मोठी सोशिक. तिने आधी टणक पेटी दाखवली. भिंगरीने ती वाजवून पाहिली, उलटी केली, तिचे खटके इतक्या वेळा उघडले आणि मिटले की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"मजबूत आहे," तो नाराजीने म्हणाला. "पण पेटीचंच वजन एवढं. मग विमानात सायकल न्यायची की नुसती पेटी? आणि लेकीची खोली एवढीशी. ही तिथे शिरली तर आम्ही दोघं कुठे झोपायचं?"

"मग ही मऊ बॅग बघा, काका. जाड कापड आहे, आतून फोम आहे. रिकामी झाली की घडी करून पलंगाखाली जाते."

"आणि तिकडे सामान आपटतात त्याचं काय?"

"पुठ्ठ्याचं खोकं देऊ? आमच्याकडे सायकली येतात त्यातलंच."

"ते भिजलं तर?"

बाई पाणी प्यायली. शेवटी त्याने मऊ बॅग घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. डोंगरातली सायकल लांब. साध्या सायकलीच्या मापाच्या त्या बॅगेत तिचा सांगाडा बसत नव्हता. ही खोट खरी होती, आणि ती सांगताना भिंगरीचा चेहरा असा काही उजळला की जणू त्याला बक्षीस लागलं. त्याहून मोठी बॅग नेली, तीही परत आली. तिची चाकं फार लहान होती म्हणे. तिसरीची चेन त्याला पटली नाही. कामावरही तोच काथ्याकूट. जोडीदाराने ऐकून ऐकून कानात कापूस घालायचा बाकी ठेवला होता.

चौथ्यांदा बायको बरोबर गेली. तिने मोठी बॅग मागितली, उलटी करून आतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघितली, चेन एकदा ओढली आणि म्हणाली, "ही द्या."

"अगं, पण तळ..."

"तळाला फळी आहे. शिवण दुहेरी आहे. चला."

रस्त्यात ती थांबली. हा चार पावलं पुढे गेला, मग मागे आला.

"अहो, एक विचारू? तुम्हाला बॅग पसंत पडत नाही, की सायकल न्यायची नाही?"

भिंगरीने बॅगेचा पट्टा सैल केला, परत घट्ट केला.

"मी माझ्या हाताने न्यायची," तो म्हणाला, "आणि पोरीने मी नेलेल्या सायकलवरूनच पुन्हा पडायचं? माझ्याच्यानं नाही होणार."

"मग तसं सांगा तिला."

"तिनं मागितलीय."

भीती तिलाही वाटत होती. फक्त ती शिलाई मशीनवर बसून वाटत होती, म्हणून कुणाला दिसली नव्हती.

सायकल भरायला बसला तेव्हा मात्र भिंगरी कामातला माणूस झाला. पेडल काढली, हँडल फिरवून सांगाड्याला लावलं, टायरांची हवा थोडी उतरवली. दोन्ही चाकं काढून त्यांच्या कप्प्यांत सरकवली. दुकानातल्या बाईने प्लास्टिकच्या दोन चपट्या चकत्या दिल्या होत्या. चाक काढलं की ब्रेकच्या फटीत या बसवा, असं ती म्हणाली होती. का, ते सांगायला गेली तेव्हा हा चेन उघडमीट करत होता.

त्या चकत्या त्याने हातात फिरवून बघितल्या. ब्रेकच्या फटीत काहीतरी खुपसून ब्रेक उघडा ठेवायचा? त्याला ते पटेना. लिफ्टचा ब्रेक वीज असताना उघडतो आणि वीज गेली की आपोआप आवळतो. मशीन सोडून जाताना ब्रेक लागलाय ना, हे हाताने बघितल्याशिवाय लिफ्टवाला जिना उतरत नाही. त्याने चकत्या खणात टाकल्या. दोन्ही ब्रेक करकचून दाबले आणि दांड्या पट्ट्यांनी हँडलला बांधून टाकल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं.

प्रवासात त्याने बायकोच्या नाकी नऊ आणले. विमानतळावर मोठ्या सामानाच्या खिडकीतून बॅग आत गेली, तरी हा तिथेच. विमानात सीटच्या हाताचं बटण दाबून दाबून शेजाऱ्याचं डोकं उठवलं. उतरल्यावर बॅग धड बाहेर आली तेव्हा त्याने तिच्यावर थाप मारली. मग समोर लेक दिसली. ती थोडी लंगडत होती. फोनवर ते दिसलं नव्हतं. त्याने तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरून दुसरीकडेच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या घराखालच्या फरसबंद अंगणात बॅग उघडली. सांगाडा शाबूत, कुठे ओरखडा नाही. लेकीने चाक उचलून जागेवर धरलं. जाईना. तिरकं करून पाहिलं, तरी जाईना. तिने वाकून ब्रेकमध्ये बघितलं.

"चाक नसताना ब्रेक कुणी दाबला?"

"मी," भिंगरी म्हणाला. "बांधूनच ठेवलेत."

"बाबा! मध्ये चाकाची तबकडी नसली की दोन्ही पॅड एकमेकांना येऊन चिकटतात. आता ती तबकडी आत शिरणार कशी?" ती हसायला लागली. "पण बांधलेस कशाला?"

त्याने खिशातून पेचकस काढला, परत ठेवला. बायकोकडे बघितलं. ती पायरीवर बसली होती आणि या वेळी त्याच्या मदतीला येणार नव्हती.

"ब्रेक न लावता मशीन सोडायचं नसतं," तो म्हणाला. मग एकदम त्याचा धीर सुटला. "मला भीती वाटते गं. तू हिच्यावर बसू नयेस असं वाटतं. एवढ्या बॅगा परत केल्या, त्या उगाच नाही केल्या."

लेकीचं हसणं थांबलं. चाक तिने मांडीवर घेतलं.

"मी पडल्यापासून एकदाही बसलेली नाही, बाबा. मैत्रिणी रोज बोलावतात. त्यांना सांगते, माझी सायकल येऊ दे. खरं म्हणजे सायकल इथेही मिळाली असती." तिने मांडीवरचं चाक हळूच फिरवलं. "लहानपणी तू मला कामावर न्यायचास आठवतं? दुरुस्ती झाली की पहिली फेरी तू एकटा मारायचास. वर जाऊन खाली यायचास, दार उघडून 'ये' म्हणायचास, मग मी बसायची. नुसती सायकल नको होती मला."

भिंगरीने दांड्यांचे पट्टे सोडले. पेचकस घेऊन खाली बसला. लेकीने दाखवलं तसे त्याने पॅड हलक्या हाताने मागे सारले, आधी पुढच्या चाकाचे, मग मागच्याचे. दोन्ही चाकं बसली. त्याने पेडल लावली, हवा भरली, हँडल सरळ केलं, सगळे स्क्रू एकदा आवळले आणि पुन्हा एकदा आवळले. ब्रेकची दांडी आधी पोकळ लागली, मग दाबता दाबता टणक झाली.

"पहिली फेरी," लेक म्हणाली.

"या वयात?" बायको पायरीवरून ओरडली.

पण तो चढला होता. सीट खाली करायचंही सुचलं नाही त्याला. पाय जेमतेम पेडलला पोचत होते, हँडल डगमगत होतं आणि शेजारच्या खिडकीतलं कुणीतरी बघत होतं. त्याने अंगणाला एक फेरी मारली. कोपऱ्यावर पुढचा ब्रेक दाबला, मग मागचा. भिंतीजवळ वेग घेऊन दोन्ही दाबले. सायकल जागच्या जागी उभी राहिली. तो उतरला, लेकीपाशी आला आणि हँडल तिच्यापुढे धरलं.

"ये," तो म्हणाला.

ती बसली. आधी एक पाय जमिनीवर घासत, मग दोन्ही पाय वर. अंगणाची एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीला ती फाटकातून बाहेर पडून चढाच्या रस्त्याला लागली. वळणापर्यंत तिची पाठ दिसली. मग दिसेनाशी झाली.

भिंगरी तिथेच उभा होता. हातात ब्रेक बांधलेले पट्टे होते. त्यांची गाठ त्याने घातली नाही की सोडली नाही. बराच वेळ झाला तसं बायकोने नेहमीचं वाक्य म्हटलं, पण आज मान वर करून म्हटलं.

"अहो, बूड टेका जरा."

"ती येऊ दे," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.