डॉक्टरांनी विचारलेलं नाव

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. सासर भांदकजवळच्या खेड्यात. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कवठाचं उंच झाड होतं. चटणीसाठी कवठं पाडायला आमच्या घरचे, म्हणजे हे, वर चढले. "बाजूले हो!" असं ते ओरडले नि मी नेमकं वर पाहिलं.

शुद्धीवर आले तेव्हा बैलगाडीत होते. डोक्याला यांचा दुपट्टा बांधलेला, आणि सासूबाई यांना शिव्या देत होत्या. उलट्या थांबेनात, म्हणून यांनी रेल्वेनं चांद्याच्या दवाखान्यात नेलं. टाके घालून मला भरती करून घेतलं. बायकांच्या खोलीत पुरुषांना मनाई, त्यामुळे हे खिडकीबाहेर लिंबाखाली बसून राहिले.

सकाळी डॉक्टर आले. मद्रासकडचे होते, हिंदी बोलायचे. मारामुळे आठवण गेली का, ते बघत होते.

"नाम?" सांगितलं. "गाँव?" तेही सांगितलं.

"पति का नाम?"

मी पदर पुढे ओढला.

"याद नहीं?"

मी मान हलवली. आठवतं, पण घेता येत नाही, असं मला म्हणायचं होतं. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. बाजूच्या खाटांवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एवढ्या मोठ्या डॉक्टराला कळत असेलच, असं त्यांना वाटत होतं.

डॉक्टरांनी बाहेर जाऊन यांना सांगितलं, "तुम्हारी औरत तुमको भूल गई।" हे घाबरले. गावी निरोप धाडून आईला बोलावून घेतलं.

सासूबाई आल्या त्या थेट खाटेपाशी. "काऊन वो, माह्या पोराले भुललीस?"

"नाई जी बाई. पण नाव कसं घेऊ?"

त्या हसता हसता खाटेवरच बसल्या. "घे! मी सांगून राह्यली न, घे!"

मी उठून उभी राहिले, डोक्यावरून नीट पदर घेतला आणि लग्नातला उखाणा खणखणीत म्हटला. शेवटी नाव आलं, तशी खिडकीबाहेरून आवाज आला, "जी!" हे शाळेतल्यासारखे ताठ उभे होते. सगळ्या बाया हसल्या, आणि डॉक्टरांना कळल्यावर तेही.

परतताना रेल्वेत हे हळूच म्हणाले, "अजून एक डाव घे न." चारचौघांत? मी तोंड फिरवलं.

जखम भरेपर्यंत सासूबाईंनी मला पाण्याला जाऊ दिलं नाही. घागर घेऊन हेच विहिरीवर जायचे, आणि गावातल्या बाया यांना बघायला मुद्दाम थांबायच्या.