टेस्ट चालू आहे

माझ्या वर्कशॉपमधलं दारांवर नक्षी कोरणारं मशीन कॉम्प्युटरवर चालतं. ते अडखळलं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाऊंना बोलावते. ते बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून वीज वाचवणाऱ्या सगळ्या सोयी बंद करतात. "ताई, याले डुलकी घेऊ द्याची नाही. डोळा लागला का लाकूड वाया." मग टेस्ट लावून, कॉम्प्युटरला हुकूम पाळायला किती उशीर होतो ते दाखवणाऱ्या आकड्याकडे बघत माझ्याशी मराठीत बोलतात, कारागिरांशी हिंदीत, तेही कामापुरतं.

काल आकडा केव्हाच स्थिरावला होता.

"झालं ना, भाऊ?"

"काहून घाई करून राहिल्या, ताई? मले घरी तं भिंतीशीच बोलाचं आहे."

दारं संध्याकाळी पोचवायची होती. मी कारागिरांना लवकर जेवायला पाठवलं आणि खुर्ची ओढून बसले.